खारट उशिरा येतं

चहात साखर नव्हती. निदान पूनमसिंगला पहिल्या घोटाला तसं वाटलं. यवतमाळच्या बसस्टँडसमोर सदाशिवरावांचं हॉटेल होतं. तिथं रोज सकाळी कॉलेजात जाण्याआधी तो उभ्याउभ्या एक कप घ्यायचा, आणि सदाशिवराव साखरेच्या बाबतीत हात आखडणारे नव्हते. त्यानं तसं बोलून दाखवलं तर ते गल्ल्यावरूनच ओरडले, "काय बोलून राह्यले मास्तर! चमचा उभा राहीन इतकी साखर हाये त्याच्यात. झोप झाली नाही काय?" बाकावरचे दोघं हसले. पूनमसिंगही हसला आणि त्यानं दुसरा घोट घेतला. तेव्हा त्याला कळलं की चहा गोड आहे, पण जिभेच्या उजव्या अंगालाच. गोडी मधोमध येऊन थांबत होती, पलीकडे नुसतं गरम पाणी. मग हनुवटीवर काहीतरी ओघळलं. हात लावून पाहिला तर चहा. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून तो गळत होता आणि ओठाला त्याचा पत्ता नव्हता. भिंतीवर बिडीच्या जाहिरातीचा आरसा होता. त्यात पाहिलं तर त्याचा चेहरा अर्धाच हसत होता. डावा गाल खाली उतरलेला, डावा डोळा टक्क उघडा. त्यानं घाबरून डोळे मिटले. उजवा मिटला, आणि डाव्यानं तो स्वतःकडे पाहतच राहिला.

दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर त्यानं 'लकवा मारला' म्हणून देवाचा धावा केला असता, आणि त्यात थोडा आधार तरी मिळाला असता. पूनमसिंगला तेवढीही सोय नव्हती. तो कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता आणि गेली चार वर्षं त्यानं जिभेखेरीज दुसरं काही पाहिलं नव्हतं. कानामागून निघणारी चेहऱ्याची नस, तिला फुटलेला तो केसासारखा तंतू, कानाच्या पडद्यामागून इवल्या हाडांमधून वाट काढत जबड्यात उतरणारा आणि जिभेच्या टोकाला चव नेऊन देणारा. ही वाट त्याला आपल्या तांड्याच्या वाटेइतकी पाठ होती. उंदराच्या कानातून सुई घालून त्यानं स्वतःच तो तंतू कितीदा तोडला होता. तोडला की त्या बाजूच्या चवीच्या कळ्या काही दिवसांत जिरून जायच्या. तंतू पुन्हा वाढत आला की जागच्या जागी पुन्हा उगवायच्या. पोरांना तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा, कळी आपली आपण राहत नाही बरं, मागून कुणीतरी यावं लागतं. आता तो आरशासमोर उभा होता आणि ती सुई आपल्याच कानात कुणी घातली असं त्याला वाटत होतं. शिकलेल्या माणसाला भीतीसुद्धा चित्रासकट लागते.

तेवढ्यात खांद्यावर थाप पडली. डोंगरसिंग, त्याचा चुलतभाऊ, इंजिनाचा पट्टा घ्यायला मुकुटबनहून आला होता आणि कॉलेजात जाण्याआधी हा इथंच सापडेल हे त्याला ठाऊक होतं. "भाऊ, वहिनी मोकळी झाली, पाच दिस झाले. पोरगी हाये. गोरीपान," तो मागूनच म्हणाला. "याडीनं सांगतलं, नाळ आज-उद्या पडते, मंग लूण लावाचं हाये. तू आला पाह्यजे." आईनं मिठाच्या रीतीला बोलावलं होतं. पूनमसिंग वळला. डोंगरसिंगचं हसू तसंच ओठांवर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "तोंडाले काय झालं बे तुह्या?" पूनमसिंग म्हणाला, "थंडी बाधली," आणि 'बाधली'तला ब नीट उमटला नाही. तो सदाशिवरावांकडे गेला आणि म्हणाला, दोन चमचे साखर पुडीत बांधून द्या. बारीक करून. सदाशिवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मास्तरचं डोकं आज साखरेवरूनच फिरलंय अशी त्यांची खात्री झाली असावी, पण त्यांनी काही न बोलता पुडी बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

डॉक्टरांनी कानामागं दाबून पाहिलं, गाल फुगवायला लावला, भुवया उडवायला लावल्या. नस सुजली आहे, म्हणाले, महिना-दोन महिन्यांत येईल ठिकाणावर, बहुतेकांची येते. डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका. 'बहुतेकांची' हा शब्द घेऊन पूनमसिंग दुपारच्या वणीच्या एस.टी.त बसला. शेजारी डोंगरसिंग, मांडीवर इंजिनाचा पट्टा. डोळ्यावर रुमाल धरून तो बाहेर पाहत होता. वेचणी संपत आलेली शेतं, पऱ्हाट्या, मधेच कापसाच्या गाड्यांची रांग, आणि सगळ्यावर चौसष्टच्या हिवाळ्याचं पिवळं ऊन. पिवळं. त्याचा तो पहिला पोरगाही पिवळा होता. इथवर आला की पूनमसिंगचं मन जागच्या जागी थांबायचं. दोन वर्षं असंच चाललं होतं. खिशावर हात दाबून तो पुडी आहे ना ते चाचपायचा आणि दुसरं काहीतरी आठवायला लागायचा.

आठवायला पुष्कळ होतं. त्याच्या घराण्यात मिठाचा एक खडा होता. पणजोबांच्या वेळचा, लदेणीच्या दिवसांतला, जेव्हा तांड्याचे बैल समुद्राकडून मीठ लादून आणायचे आणि गावं वाट पाहत बसायची. रेल्वे आली, बैल गेले, माणसं शेतीला लागली. खडा तेवढा राहिला. लिंबाएवढा, पिढ्यान्पिढ्या बोटं लागून गुळगुळीत झालेला, तांबड्या फडक्यात. तांड्यात दुसऱ्या कुणाकडे असली रीत नव्हती, त्याच्याच घरात होती. मूल झालं आणि नाळ पडली की बापानं आधी स्वतः तो खडा चाटायचा, मग ओलं बोट त्यावर घासून बाळाच्या जिभेला टेकवायचं आणि काढून घ्यायचं. मग सगळ्यांनी पाहायचं. बाळानं तोंड केलं, ओठ हलवले, रडलं, काहीही केलं तरी आपल्या घरचं, ते राहतं. काही केलं नाही तर ते पाव्हणं. याडी, म्हणजे त्याची आई रुपीबाई, त्याची गोष्ट अजून सांगायची: "तू तं असं तोंड केलं का तुहा बाप खाटेवरून पडता पडता राह्यला." लहानपणी ही गोष्ट ऐकून त्याला आपण फार शूर असल्यासारखं वाटायचं. मोठेपणी ती आठवली की अंगावर काटा यायचा. बाळ कशानंही तोंड करतं. पोटात वारा धरला तरी करतं.

आणि पहिल्यानं केलं नव्हतं. याडीच्या मांडीवर तो पडून होता, पूनमसिंगनं खारं बोट त्याच्या जिभेला लावलं आणि तो छपराकडे बघत राहिला. बाया वाट पाहत होत्या. कुणीतरी म्हणालं, पुन्हा लावा, पण दुसऱ्यांदा लावायची रीत नव्हती. याडीनं पदरानं त्याची जीभ पुसली आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे. याची वाट येगळी हाये." ती रागावली नव्हती, उलट सगळ्यांत जास्त तीच रडली. त्यानंतर घरात कुणी दुष्टपणा केला नाही. आवाज तेवढे कमी झाले. याडीनं त्याच्या बायकोच्या, जमनीच्या, छातीला फडकं घट्ट बांधलं, दूध आटलं म्हणजे पुढं बाईला त्रास होऊ नये म्हणून, आणि बाळाला शेळीच्या दुधात भिजवलेली वात ती स्वतःच चोखायला द्यायला लागली, म्हणजे आईचा जीव गुंतायला नको. सगळी माया होती ती. पूनमसिंगची परीक्षा होती, तो दुसऱ्या दिवशी यवतमाळला परतला, आणि परीक्षा संपायच्या आत बाळ गेल्याचा निरोप आला.

त्यानंतर जिभेचं काम त्यानं दुप्पट जोरानं केलं. कॉलेजातल्या सरांना वाटलं पोरगा हुशार आहे. उंदरीच्या पोटातली पिल्लं रोजच्या रोज काढून, मेणात बसवून, त्यांच्या जिभांचे पातळ काप काचेवर चिकटवत तो उन्हाळाभर बसला. आधी जीभ म्हणजे एक सपाट उंचवटा. मग मागून तंतू निघतात. कुणी सांगितलेलं नसतं, पण बरोबर त्या जागी येऊन थांबतात जिथं पुढं चवीचा फोड उठायचा आहे. लदेणीचे बैल यावेत आणि मग गाव बसावं तसं काहीसं. तंतू पोचतो, त्याच्याभोवतीच्या पेशी फुगतात, कळी होते, आणि सगळ्यांत शेवटी तिला तोंड फुटतं. उंदरात ते जन्मल्यावर फुटतं, माणसात पोटातच. पण तोंड फुटलं म्हणून सगळ्या चवी लगेच कळत नाहीत. हे त्यानं पिल्लांना थेंब पाजून पाहिलं. नुकती जन्मलेली पिल्लं गोड पाणी चाटत आणि खारं पाणीही तसंच मुकाट गिळत, काहीच नसल्यासारखं. थोडी मोठी झाली की खाऱ्याला मान फिरवू लागत. माणसाच्या बाळांविषयी सरांच्या पुस्तकात चारच ओळी होत्या: गोड जन्मापासून कळतं, आंबट-कडू कळतं, खारट उशिरा येतं, त्याला महिने लागतात. त्या चार ओळी त्यानं वाचल्या, पुस्तक मिटलं आणि बाहेर नळाखाली जाऊन डोकं धुतलं. महिने लागतात. म्हणजे कुठल्याही बाळाला. म्हणजे तो. मन पुन्हा जागच्या जागी थांबलं होतं. नळ बंद करायलाही तो विसरला होता.

राजूरच्या आसपास रस्त्यावर कोळशाची काळी धूळ होती. डोळा मिटत नसल्यामुळं ती आत गेली आणि पाणी वाहायला लागलं. डोंगरसिंगला वाटलं भाऊ रडतोय. त्यानं पट्टा दुसऱ्या मांडीवर घेतला आणि म्हणाला, "कायले भेतं? मागच्यासारखं नाही होत. ही पोरगी चांगली तेज हाये." पूनमसिंगला म्हणायचं होतं, तेज असो नाही तर नसो, मीठ तिला कळणारच नाही अजून. नशीब लागलं तर वाऱ्यानं तोंड करेल, नाही तर छपराकडे पाहत राहील, आणि मग आवाज कमी होतील, आणि फडकं बांधतील. पण हे बोलायचं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. म्हणून तर साखरेची पुडी. घरी जाऊन याडीला समजावून सांगणं सोपं होतं, चार ओळींचं काम होतं, आणि त्या चार ओळी याडीसमोर उच्चारण्यापेक्षा चोरी बरी असं त्यानं ठरवलं होतं. वणीला गाडी बदलली. मुकुटबनच्या गाडीत उभं राहावं लागलं. तांड्यावर पोचला तेव्हा दिवस मावळला होता, आणि नाळ पडली होती.

याडीनं कंदील त्याच्या तोंडाजवळ आणला. "हे काय झालं रे?" त्यानं सांगितलं, नस सुजली, महिन्यात बरं होतं. तिनं ऐकलं नाही. खरखरीत बोटांनी ती त्याचा उतरलेला गाल वर उचलू पाहत होती. पुन्हा पुन्हा. गाल राहत नव्हता. मग ती खाली बसली आणि तिनं खड्याचं फडकं मांडीवर ओढलं. तिचं असं बसणं त्याला ओळखीचं होतं. "असं तोंड घिऊन तू लूण नोको लावू," ती शेवटी म्हणाली. "बाबूसिंग लावीन." बाबूसिंग म्हणजे त्याचा काका, सरळ माणूस, सांगितलं तर मीठच लावणार. एवढा मोठा बेत आणि त्यात हीच गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती की त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यानंच घात होईल. "बाप मी हाय, याडी," तो म्हणाला. आवाज चढला. "बापानंच लावाचं असते ना?" "बापाले लूण लागलं पाह्यजे आधी. तुले लागते काय? खरं सांग." तिनं फडकं सोडून खडा पुढं केला. आता, इथंच, कंदिलाच्या उजेडात. त्यानं जीभ बाहेर काढली. टोक आपोआप डावीकडं सरकलं आणि खडा नुसता दगड लागला, गार आणि निर्जीव. क्षणभर त्याला वाटलं संपलं, उजवीकडचंही गेलं. मग त्यानं मान वळवली आणि उजव्या अंगाला खारट झणझणीत चढलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. "लागते," तो म्हणाला. याडी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सकाळी उन्हात लावू."

सकाळी अंगणात घोंगडी टाकली होती. याडी मांडी घालून बसली आणि पोर तिच्या मांडीवर. तीच मांडी. पाच-सहा बाया, काका, डोंगरसिंग, आणि दाराच्या उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून जमनी. तिनं त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. आल्यापासून एकदाच ती बोलली होती, "डोळ्याले पट्टी बांधा, माशी बसन." त्यानं गोठ्याआड जाऊन करंगळी ओली करून पुडीत बुडवली होती आणि मूठ झाकून आणली होती. आता तो वाकला. सगळ्यांच्या देखत खडा चाटला आणि पहिलं बोट त्यावर घासलं. मग खांदा पुढं घेऊन, उन्हाला पाठ करून, पोरीच्या ओठांतून करंगळी आत टेकवली आणि काढून घेतली. पोरगी छपराकडं पाहावं तशी आभाळाकडं पाहत होती. डोळे काळे, स्थिर. काही झालं नाही. बायांचे श्वास ऐकू येत होते. त्याच्या डोक्यात एकदम आलं की पुस्तक चुकलं असेल. उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा. किंवा पुस्तक बरोबर आणि हिचाच तंतू कुठं वाटेत राहिला, आपल्यासारखा, बापाकडूनच आलं असेल. त्याला ओरडावंसं वाटलं की थांबा, दुसऱ्यांदा लावू द्या. अंगणभर ऊन होतं. मग तिचा खालचा ओठ हलला. जीभ बाहेर आली, इवलीशी, ओली, आत गेली, पुन्हा आली. मच मच आवाज करून ती चाटायला लागली आणि संपलं म्हणून रडायला लागली.

"चाटून राह्यली! पाहा, पाहा!" काका ओरडला. बाया एकदम बोलायला लागल्या, कुणी गूळ आणायला धावलं. याडीनं पोरीला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. "आली, माही बाय आली," ती म्हणत होती. मग पूनमसिंगचा वाकडा गाल दोन्ही हातांत घेऊन तिनं कुरवाळला, जणू तोही आता राहील. तो हसला, अर्धा. दूध पाजायला पोरीला आत नेलं तेव्हा तिच्या मागोमाग तोही आत गेला.

आत अंधारं होतं आणि ओव्याच्या शेगडीचा वास. जमनीनं पोरीला घेतलं, पण लगेच छातीशी लावलं नाही. तिच्या ओठांवर बोट फिरवलं आणि ते बोट स्वतःच्या तोंडात घातलं. बराच वेळ घालूनच ठेवलं. बाहेर हसणं चाललं होतं. "साखर हाये," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली.

"काहून?"

त्यानं सांगितलं. पुस्तकातल्या त्या चार ओळी त्याच्या तोंडून इतक्या लवकर संपल्या की त्याला लाज वाटली. लूण लहान लेकराले कळतच नाही, म्हणाला, कोणालेच. नस येते पण चव मागून येते. गोड तेवढं कळते. जमनी ऐकत होती. दोन वर्षं त्याचं मन ज्या जागी थांबत होतं तिथं ती थांबली नाही, सरळ चालत गेली.

"मंग त्यानंही चाटलं असतं."

तो पिवळा होता, त्यानं म्हटलं. झोपेत होता. कावीळ असन. तो वाचला नसताही. हे सगळं खरं होतं आणि तो हे घाईघाईनं म्हणत होता, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

"दूध पेत होता तो," जमनी म्हणाली. "फडकं बांधलं त्या दिशीपर्यंत. जोरानं पेत जाये."

पोरगी रडायला लागली तेव्हा तिनं तिला पाजायला घेतलं. पोरीनं ओढायला सुरुवात केली आणि जमनीचा चेहरा दुखल्यासारखा झाला. बाहेरून याडीची हाक आली, गूळ खायला या म्हणून, आवाज इतका मोकळा की गेल्या दोन वर्षांत त्यानं तो ऐकला नव्हता. पूनमसिंग उठला. सांगायला हवं, त्याला वाटलं, आत्ताच, पुढची पोरं होतील, डोंगरसिंगची होतील, खडा तर घरातच आहे. तो दारापर्यंत गेला. जमनीनं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"याडीले सांगू नोको," ती म्हणाली. "तिनं त्याले शेवटच्या राती, रातभर मांडीवर घेतलं होतं. ऐकलं तं मरन ती."

तिनं टोक सोडलं नाही. याडी हाका मारत होती.